पिंजऱ्यांची साफसफाई

आई गेली म्हणून मी पुण्याला गेले, आणि तेरावा उरकून परत येते तर लॅबमधली सगळी पिल्लं मेलेली.

माझे किडे हो. सिंगापूरला, बुओना व्हिस्टा भागातल्या लॅबमध्ये सातव्या मजल्यावर मी ते पाळत होते. बाहेरच्या देशातून आलेले, शेंगांची पार वाट लावणारे. यांची आई अंडी घालते आणि त्यांच्यावर तपकिरी डाग लावून ठेवते. त्या डागात जिवाणू असतात. पिल्लू बाहेर आलं की आधी तो डाग चोखतं, तेव्हा कुठे त्याला शेंगेचा रस पचतो. डाग नसेल तर समोर शेंगा असूनही मरतं. त्या जिवाणूंना मारणारा फवारा आम्हाला शोधायचा होता, आणि तो तपासायला धडधाकट किडे हवेत. ते टिकले तरच माझा सिंगापूरचा पास, म्हणजे तिथे राहून काम करायचा परवाना, वाढणार होता.

लॅबमधल्या मदतनीस सौमित्रला बजावून गेले होते, अंड्यांना हात लावू नकोस. पण आमच्या बॉसकडे, अरुणा मॅडमकडे, पाहुणे येणार होते. पिंजरे लख्ख कर म्हणाल्या, तर या शहाण्याने अल्कोहोलने अंडीसुद्धा पुसली.

"घाण दिसत होती गं," तो म्हणाला. थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

मॅडम मात्र शांत. "इतके दिवस कोण जातं, गार्गी? आई गेल्यावर करण्यासारखं उरतं काय?"

मी म्हटलं, मागच्या पिंजऱ्यात थोड्या माद्या वाचल्यात, आजच अंडी घातलीत. त्यांच्यावरून सगळं पुन्हा उभं करते, पास तेवढा वाढवा.

त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं बाई. त्या माद्या सौमित्रला दे. तुझ्या पासचं मी नाही म्हणून कळवलंय कधीच. जायच्या आधी त्याला नीट शिकव."

शिकवायला बसले. अल्कोहोलचा बोळा घेतला आणि त्याच्यादेखत एकेक अंडं निगुतीने पुसलं. माद्या बरणीत भरून फ्रीझरमध्ये टाकल्या.

"अगं, हीपण मरतील ना?" त्याचा आवाज चिरकला.

"मरतील की. बाहेर येतील, टरफलावर फिरतील, आईने काही ठेवलंय का शोधतील. मग तिथेच बसून राहतील. तू बघत बस."

मला फार बरं वाटलं.