बरबटीच्या मुळावरची गाठ

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे. वाशीमहून शिरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत नथ्थूचा भाजीपाल्याचा मळा आहे. तेथील काळी माती हे माझे घर. माझे नेमके वय मला सांगता येणार नाही. आमच्या कुळात एकाचे दोन होतात आणि दोघांनाही आपणच थोरले वाटते.

नथ्थूची आई नानीबाई हयात होती, तो काळ मला फार आठवतो. ती ह्या मळ्यात तूर, मूग आणि बरबटी पेरीत असे. बरबटी म्हणजे चवळी. नत्राची भूक लागली की तिची कोवळी मुळे मातीत एक मंद रस सोडीत. तेच आमचे आमंत्रण असे. आम्ही मुळांत शिरून गाठी बांधत असू. वेल आम्हांस साखर देई आणि आम्ही हवेतील नत्र तिला पचेल असा करून देत असू.

आमच्या अंगात एक चिमुकले प्रथिन आहे. नत्राचा साठा किती उरला हे ते सदैव चाचपत असते. साठा मुबलक असल्यास नत्र मिळविण्याची आमची बरीचशी यंत्रे ते बंद ठेवते आणि तुटवडा पडताच सुरू करते. भरल्या ताटावर बसून कोणी चूल पेटवीत नाही.

नानीबाईच्या पश्चात मळ्यात वांगी आली आणि वांग्यांच्या पाठोपाठ युरियाच्या गोण्या आल्या. माती नत्राने तुडुंब झाली. आम्ही आयते खाऊन बसून राहिलो. परंतु आम्हांस कोणी बोलाविले नाही. ते सुख होते, असे मी म्हणणार नाही.

गेल्या वर्षी वांग्याच्या मुळांना सूत्रकृमी नावाच्या बारीक किड्यांमुळे गाठी आल्या. नथ्थूने सगळी झाडे उपटून जाळली. यंदा त्याने तेथे बरबटी लावली. जुना युरिया पावसात वाहून गेला होता. वेल भुकेली झाली, तो ओळखीचा रस पुन्हा मातीत उतरला, आणि मी धावत गेलो.

गाठ नुकतीच बांधून झाली होती. पाने अद्याप फिकट होती. नथ्थूने माझ्या शेजारची एक वेल उपटली, मुळे पाहिली आणि ती बांधावर फेकली.

"वांग्याचाच रोग हाय. उपटा सारं. मुकेश, काडीपेटी आण," तो मुलाला म्हणाला.

"वांग्याचं भूत बसलं तुमच्या डोक्यात," त्याची बायको कस्तुराबाई म्हणाली. "हरेक मुळात तेच दिसून राह्यलं."

"मंग हे काय हाय? मोती हायेत का?"

सून अंजू किन्हीराजा गावची. तिच्या माहेरी सोयाबीन होते. तिने ते मूळ हाती घेतले.

"मामाजी, वांग्याची गाठ म्हंजे मूळच फुगते, ते निघत नाही. हे पाहा, बोटानं निघून राह्यली." तिने ती गाठ नखाने फोडली. "आतून लाल हाय, म्हंजे गाठ काम करून राह्यली. आमच्या सोयाबीनले अशाच राह्यतात."

"मंग पानं काहून पिवळी?" मुकेशने विचारले. "युरिया तरी टाकतो."

"गाठी आत्ताच धरल्या, थोडं थांबा. युरिया टाकला तं ह्या कामच करत नाहीत. आमच्या बाबानं करून पाह्यलं."

"पोळ्यापर्यंत थांबतो," नथ्थू म्हणाला. "नाही सुधरलं तं मी कोणाचं आयकणार नाही."

मित्रांनो, माझ्या शेजारची वेल बांधावर वाळत पडली होती. आमचेही तेच होणार, हे मला कळत होते. आम्ही गाठीगाठींतून राबलो. इतके काम मी नानीबाईच्या काळानंतर केले नव्हते.

पोळ्याच्या सकाळी बैल धुऊन नथ्थू मळ्यात आला. वेली गर्द हिरव्या झाल्या होत्या. बांधावरची वाळलेली वेल उचलून त्याने खत म्हणून पुन्हा वावरात टाकली.

शेंगा संपल्यावर मुकेश वेली उपटू लागला, तेव्हा नथ्थूने त्याच्या हाती विळा दिला.

"वरून काप. मुळं राहू दे खालीच."

मित्रांनो, तुम्हांला माझी एवढीच विनंती आहे. वेल उपटण्यापूर्वी एक गाठ नखाने फोडून पाहा. ती लाल निघाली, तर युरियाची गोणी बांधलेलीच राहू द्या. भुकेल्या मुळांना थोडी उसंत द्या; आम्ही खाली वाट पाहत आहोत.