डोंग्याची चाल

ओलं पोतं बादलीत आपटलं की मासा गळाला लागल्याचा आवाज होतो. खरा मासा असा आवाज करत नाही.

*

गवळणीचं सोंग घेतलेला माणूस चहा पिताना बांगड्या कोपरापर्यंत मागे सारतो आणि पदर दातांत धरतो. मिशी मात्र त्याने काढलेली नसते.

*

"नोकरीत असताना जे बनवलं ते मालकाचं," वकील फोनवर आचलला म्हणाले. त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "नोकरीबाहेर बनवलं असेल तर पुरावा दाखवा. तोंडी चालत नाही."

*

बंगळुरूच्या गेम बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर दोन ओळींचं होतं. तुम्ही या. डोंग्याची चाल घेऊन या.

*

हेमेंद्रने तिच्या हेडफोनची वायर उपटली.

चाल खोलीभर सांडली. पहिले चार सूर पायऱ्यांसारखे खाली उतरत, मग एक क्षण काहीच नाही, आणि त्या रिकाम्या जागेत डोंगा काठावरून सुटून पाण्यात जातो. 'डोंगा' नावाचा तो मोबाइलवरचा गेम हेमेंद्रच्या स्टुडिओने काढला होता. तळं, लाकडी डोंगा, गळ, मासे, बाकी काही नाही. गोंदियातल्या पोरांपासून सुरुवात झाली होती आणि आता तो कुठे कुठे खेळला जातो हे नकाशावर पाहावं लागे. लोक मासे विसरत. चाल विसरत नसत.

स्टुडिओ म्हणजे गोंदियाच्या बाजारात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावरचा मजला. त्या मजल्यावर पार्टिशनच्या आत आचलने दहा वर्षं काढली होती. गेममधला प्रत्येक सूर, प्रत्येक शिंतोडा तिचा होता. शनिवारी ती नोकरी सोडणार होती. पुढे स्वतःचं काम, स्वतःच्या नावावर.

"डोंग्याची फाइल तू काऊन खोलली?" हेमेंद्र म्हणाला.

"ऐकत होते."

"ऐकत होती का कॉपी करत होती?"

"मी तुम्हाला दोनदा विचारलं, भैया. वापरू द्या म्हणून."

"और मैंने दो बार मना किया." त्याने वायर टेबलावर टाकली. "तू जा. तुले कोनी बांधून ठेवलं नाही. बंगलोर जा, लंडन जा. पर ये यहीं रहेगी. कंपनीच्या वेळेत, कंपनीच्या मशीनवर बनली आहे."

"गेमच्या शेवटी नावं येतात. त्यात माझं नाव कुठं आहे?"

"स्टुडिओ का नाम है ना. स्टुडिओ मतलब सब."

"सब म्हणजे तुम्ही."

"हां तो? बिल्डिंग का किराया तेरे मामाने भरा?"

चाल वाजतच होती. शेवटाला येई आणि पुन्हा पहिल्या सुराला लागे, कुठे जोडली आहे ते कळत नसे. आचलने ती बंद केली.

"चाल कंपनीची नाही," ती म्हणाली.

"मग कोणाची?"

तिने तोंड उघडलं. खाली दुकानात कोणीतरी लोखंडी पट्टी फरशीवर टाकली. तो आवाज पूर्ण विरेपर्यंत ती थांबली.

"गावची," ती म्हणाली. "आमच्या दंडारीत म्हणतात. मी तिथून उचलली."

हेमेंद्र हसला. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला, गुडघे जवळजवळ टेकतील इतका जवळ.

"झूठ. मी या पार्टिशनच्या त्या बाजूला बसत होतो. महिनाभर तू तेच तेच वाजवून माझं डोकं उठवलं. एक सूर बदलायची, परत पहिल्यापासून. परत एक सूर, परत पहिल्यापासून. मी भिंतीवर हात मारायचो. याद है? दंडारीतून उचलली असती तर एका दिवसात झाली असती."

दहा वर्षांत तिच्या कामाबद्दल तो सलग इतकं कधी बोलला नव्हता. आचल वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई आहे," ती म्हणाली. "या. कानाने ऐका. ऐकल्यावर पटलं तर लिहून द्या, की चाल तुमची नाही."

"आऊंगा," हेमेंद्र म्हणाला. "और नहीं निकली, तो कोर्ट में मिलेंगे."

*

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा; त्या दिवशी नवेगाव बांधात कोणाच्याही घरी चूल थंड नसते. लेकी माहेरी येतात, जावई येतात, रस्त्यावर जिलेबीची आणि खेळण्यांची दुकानं लागतात. दुपारी पटांगणात दंडार उभी राहते. ढोलकी, पेटी, टाळ, बायकांची सोंगं घेतलेले पुरुष, मागे झील धरणारे, म्हणजे ओळ उचलून म्हणणारे. गाणी कोणी लिहिली हे कोणी विचारत नाही. विचारलं तर म्हणतात, होतीच.

गेल्या मंडईत आचल इथेच उभी होती, आणि दुधराममामाच्या मंडळाने पहिल्यांदाच डोंग्याची चाल धरली होती. तेव्हा ती हसली होती. हे खरं आहे.

*

आणि तो आला. गाडी बांधाच्या रस्त्याला उभी करून, पँटच्या कडा वर धरत, चिखल चुकवत. मोबाइल आधीच चालू करून छातीशी धरलेला.

आचल आईजवळ उभी होती. सुलोचनाबाईंनी विचारलं, "कोन व हा?"

"माझा मालक. शनिवारपर्यंत होता."

"मंग आता कायले आला?"

ढोलकीवर थाप पडली. गवळण पुढे आली, कमरेवर हात, मिशीखाली लाली.

*दह्याचा माठ माहा जड झाला रे*

पहिले चार सूर पायऱ्यांसारखे खाली उतरले. मग एक क्षण काहीच नाही. त्या रिकाम्या जागेत गवळणीने डोक्यावरचा नसलेला माठ सावरला, आणि लोक हसले. फक्त शेवटचा सूर इथे वर जात होता. गेममध्ये तो खाली जातो.

हेमेंद्रने मान वळवून आचलकडे पाहिलं. ती ढोलकीकडे पाहत होती.

गाणं संपल्यावर तो सरळ फडात शिरला.

"काका, ये कब से गाते हो?"

दुधराम ढोलकीची दोरी ताणत होता. त्याने वर पाहिलं नाही. "कधीपासून म्हन्जे? माह्या बापाच्या वेळची हाये."

"तुह्या बापाच्या आंगुदरची," गवळण चहाचा कप घेत म्हणाली. "माही आजी जात्यावर म्हने."

"तुही आजी भांडे घासत नवती, जात्यावर कधी बसली?" टाळवाला म्हणाला, आणि दोघे-तिघे खिदळले.

पेटीवाल्या केशोरावांनी जरा विचार केला. "मी पेटी शिकलो तवाच हे बोटात बसलं."

"कब सीखे?"

"झाले बाप्पा लय वर्ष."

कोणीही खोटं बोलत नव्हतं. गवळणीच्या डोळ्यांपुढे आजी होती आणि जातंही होतं. केशोरावांची बोटं पेटीशिवायच त्या सुरांवर फिरून आली.

"तुमी कोन, साहेब?" दुधरामने आता वर पाहिलं.

"वो मोबाइल वाला गेम है ना, डोंगा. वो मेरा है."

फडातलं हसणं थांबलं.

"तं तुमी नेली का आमची चाल?" दुधराम म्हणाला. "मी म्हनोच, पोट्ट्यायच्या मोबाइलात कशी काय वाजते. वाटलं, रेडिओवाल्यानं नेली असन."

"मैंने नहीं ली. इसने दी." हेमेंद्रने बोट दाखवलं. मग तो आचलकडे वळला, आणि त्याचा आवाज अचानक मऊ झाला. मऊ आवाजातच तो माणसं कामावरून काढत असे. "बोल ना. इनके सामने बोल. तू बनवली, का यांची आहे? तू बनवली म्हण, मी आत्ता सगळ्यांना सांगतो, ही पोरगी केवढी कलाकार आहे. बोल."

जिलेबीवाल्याचा झारा कढईवर आपटत होता. सगळं पटांगण तिच्याकडे वळलं होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या, झाडावर चढलेली पोरं, आई.

"यांची आहे," आचल म्हणाली. "मी नेली. न विचारता."

हेमेंद्रने मोबाइल खाली केला नाही. "जोर से."

"यांची आहे."

दुधरामने ढोलकी मांडीवरून उतरवून जमिनीवर ठेवली.

"भाची हायेस म्हनून हात नाई उचलत," तो म्हणाला. "गोंदियाले एसीत बसून आमची चाल इकत होतीस? दहा वर्ष? अन् दर मंडईले येऊन आमच्याच पंगतीत जेवत होतीस?"

"चुकलं, मामा."

"मामा नोको म्हनू. दुसऱ्या फडाची गवळन उचलली तं ढोलकीपुढं नारळ फोडा लागते. लहानपनापासून पाहून राहिली ना तू? का शिकल्यावर इसरली?"

"इसरली नाई तं का," टाळवाला म्हणाला. "शिकलेल्याइले चोरी नाई म्हनत. त्याइले दुसरं काई म्हनत असन."

आचल गर्दीतून वाट काढत दुकानापाशी गेली आणि नारळ घेऊन आली. वाट द्यायला कोणी हललं नाही, तिला खांदा आडवा घालावा लागला. पहिल्या फटक्याला नारळ फुटला नाही. दुसऱ्यालाही नाही. झाडावरून कोणीतरी शीळ घातली. तिसऱ्याला पाणी तिच्या पायावर सांडलं.

खोबरं फडात वाटलं गेलं. केशोरावांनी हेमेंद्रलाही तुकडा दिला, पाहुणा म्हणून. आचलच्या हातावर कोणी ठेवला नाही.

"आता झील धर," दुधराम म्हणाला. "आमी म्हनतो तशी. मोबाइलातल्यासारखी नाई."

ती झीलकऱ्यांच्या मागे उभी राहिली. चार सूर खाली. रिकामी जागा. शेवटी तिचा गळा सवयीने खाली उतरू लागला. तिने तो मध्येच पकडला आणि त्यांच्याबरोबर वर नेला. दुधरामने पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा. एक सूर, आणि परत पहिल्यापासून.

हेमेंद्रने मोबाइल खिशात टाकला.

*

गाडीपाशी ती त्याच्या मागोमाग आली. खोबऱ्याचा तुकडा अजून त्याच्या हातात होता. तो त्याने टपावर ठेवला.

"लिहून द्या," ती म्हणाली.

"बंगलोरवाल्यांना काय सांगशील? धुन गांव की है? फिर तुझे किसलिए बुलाएंगे?"

"बाकीचं मी करीन."

"मला माहीत आहे तू बनवली." आता आवाज मऊ नव्हता. "वहां चालीस लोग झूठ बोले, मैं नहीं बोल रहा. तू ती बनवली, माझ्या ऑफिसात बनवली, आणि आज त्या अनाड्यांपुढे नारळ फोडला. शरम नहीं आई?"

"माहीत आहे ना? मग गेमच्या शेवटी माझं नाव टाका. आजच. मी आत जाऊन सांगते, खोटं बोलले म्हणून."

त्याने गाडीचं दार उघडलं. बसला. काच अर्धी खाली होती.

"टाका ना, भैया."

काच वर गेली. गाडी वळताना खोबऱ्याचा तुकडा टपावरून घसरला. एका कुत्र्याने तो हुंगला आणि सोडून दिला.

*

जेवताना आईने तिच्या ताटात वाढलं, पण समोर बसली नाही.

"चोरीच कराची होती तं मले सांगाची होतीस," सुलोचनाबाई चुलीकडे तोंड करून म्हणाल्या. "दुधरामदादाले मागून देली असती. नाई म्हनलं नसतं त्यानं."

आचलने भात कालवला.

"आता त्या घरी मी कोन्या तोंडानं जाऊ?"

"उद्या मी जाते."

"तू नोको जाऊ," आई म्हणाली. "तू जा आपल्या बंगलोरले."

*

हेमेंद्रने लिहून दिलं. सदर चाल पारंपरिक असून तिच्यावर आमचा कोणताही हक्क नाही. सही इतकी दाबून केली होती की कागद मागून उंचावला होता.

पुढच्या आठवड्यात गेम नव्याने आला. शेवटी नावं येतात तिथे स्टुडिओच्या नावाखाली एक ओळ वाढली होती. 'चाल : पारंपरिक, नवेगाव बांध.' दुधरामच्या दाराशी पोरांनी ती त्याला मोबाइलवर दाखवली. त्याने ती चारदा वाचून घेतली, मग केशोरावांना बोलावणं पाठवलं.

बंगळुरूच्या कामाच्या पहिल्या पानावर संगीतकाराच्या नावाची चौकट होती. तिच्याखाली मूळ चालीची. वरच्या चौकटीत आचलने स्वतःचं नाव घातलं. खालच्या चौकटीत 'पारंपरिक' लिहिलं, आणि बाकीच्या सुरांना लागली. शेवटचा सूर तिने वर जाणारा ठेवला.

*

ती चाल आचलला पहिल्यांदा सुचली ती कोहमाऱ्याच्या फाट्यावर, ढाब्याबाहेर, गोंदियाच्या बसची वाट पाहताना. त्या बसने ती हेमेंद्रकडे नोकरी मागायला चालली होती.