आत्याची घागर

भुईगावच्या थॉमसच्या दारात मुलाच्या लग्नाचा मांडव पडला होता, आणि त्याची थोरली बहीण सालोमी आतल्या आत जळून खाक होत होती.

जळणार नाही तर काय! नवरदेवाच्या न्हाण्याचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायचं, आणि पहिली घागर थोरल्या आत्याच्या डोक्यावर, ही घरची रीत. थॉमसने मान दिला धाकट्या ग्रेसीला. का? तर ती अमेरिकेहून आलेली, सहा वर्षांपूर्वी तिकडे वजन उतरवायला आतड्यांचं ऑपरेशन करून शेवग्याची शेंग झालेली! "फोटो बरे येतील गं," थॉमस म्हणाला होता.

हीच ग्रेसी, जिला एकेकाळी सालोमीचं पोलकं घट्ट व्हायचं! सालोमीने ठरवूनच टाकलं, लग्न उरकलं की पाटल्या मोडायच्या आणि मुंबईत असलं ऑपरेशन करणारा डॉक्टर गाठायचा.

बँड वाजला. विहिरीवर ग्रेसीच्या डोक्यावर घागर चढली मात्र, तिचे पाय लटपटले. घागर आदळली, ग्रेसी मटकन खाली बसली. खोटं कशाला बोला, सालोमीला क्षणभर बरं वाटलं. मग तिने बहिणीला उठवायला हात धरला, तर नुसती हाडं लागली.

"अगं, हे काय!"

"खाल्लेलं अंगी लागत नाही, बाय. हाडं ठिसूळ झालीत. दर महिन्याला रक्त तपासायचं, सुया, मूठभर गोळ्या. मुतखडे दोनदा काढले. विम्याने हात वर केले, म्हणून नवरा दोन नोकऱ्या करतो."

"डॉक्टरने आधी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं की! जन्मभर दवाखान्यात यावं लागेल म्हणाला. मी फक्त कमरेचं माप ऐकलं."

"आणि मी पाटल्या मोडायला निघाले होते!"

"दुखण्यापायी करावं लागलं तर कर, बाय. पण पुढची वीस वर्षं कोण निभावणार, ते आधी विचार. मी लोकांच्या तोंडाला भिऊन केलं."

थॉमसने मान खाली घालून घागर पुन्हा भरली. "बाय, चुकलं माझं. घागर तू घे."

सालोमीने भरलेली घागर डोक्यावर चढवली, एका हाताने ती धरली, दुसऱ्याने ग्रेसीला. "फोटोवाल्या, दोघी येऊ देत रे!"

मंडळी, कुणाची सडसडीत काया पाहून जळण्याआधी तिची औषधांची पिशवी एकदा उघडून पाहा. आणि घरातला मान वजनकाट्यावर तोलू नका, त्यापायीच कुणीतरी नको ते करून बसतं!

सालोमीच्या पाटल्या अजून तिच्या हातातच आहेत. जरा घट्ट होतात, एवढंच.