पॅसेजमधला शहाणा

वडील गेल्याला तेविसावा दिवस होता आणि त्यांची लेक अजूनही आपल्याच माहेरात चोरपावलांनी वावरत होती. सगळीकडे नाही, फक्त पॅसेजमध्ये. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या त्या चिंचोळ्या पॅसेजच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीला, बशीएवढा एक गोल थर्मोस्टॅट होता. घरातली ऊब कमीजास्त करणं हे त्याचं काम. त्याच्यासमोरून जावं लागू नये म्हणून ती सकाळी आपल्या खोलीच्या मागच्या दाराने बाहेर पडायची आणि शाल गुंडाळून, कुडकुडत, घराला वळसा घालून स्वयंपाकघरात शिरायची.

कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

हा थर्मोस्टॅट माणसांच्या सवयी आपणहून शिकतो, असं वडील म्हणायचे. शेवटची चार वर्षं त्यांना फुप्फुसाचं दुखणं होतं. थंडी कधी भरेल याचा नेम नसे, आणि हा पठ्ठ्या नेमका त्याच्या आधी घर गरम करून ठेवी. फोनवर त्यांना त्याचं कोण कौतुक! "या घरात आम्ही तिघं राहतो, मास्तरीण. मी, तुझी आई आणि हा. त्यातला शहाणा तेवढा हाच." लेक कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती आणि लहानपणापासून सगळ्यांच्या चुका काढायची, म्हणून ती मास्तरीण. आणि थर्मोस्टॅटचं नाव तेव्हापासून शहाणा. फोन ठेवताना ती म्हणायची, "शहाण्याला माझा नमस्कार सांगा. तुमच्याकडे लक्ष ठेवतो बिचारा."

आता माणूस गेला होता आणि त्याच्या सवयी तेवढ्या भिंतीवर उरल्या होत्या. पहाटे चार चाळीसला पॅसेजमधून टक् असा आवाज यायचा आणि खोल्याखोल्यांत ऊब देणारे गरम पाण्याचे रेडिएटर कण्हत कण्हत जागे व्हायचे. वडिलांची उठायची वेळ. चाळीस वर्षं चष्म्याची भिंगं घासली त्यांनी. दुकान सुटलं तरी पहाट सुटली नाही. सव्वादोनला पुन्हा टक्, दुपारच्या गोळीनंतर हुडहुडी भरायची तेव्हा. लेक अंथरुणात पडून ते आवाज ऐकायची. शहाण्याला तिने बोट लावलं नव्हतं. तिची ये-जा त्याने पाहिली, की तो तिच्या सवयी शिकणार आणि वडिलांच्या विसरणार.

आणि तसंच होऊ लागलं होतं. दहाव्या दिवसापासून साडेपाचलाही टक् वाजू लागली. साडेपाच ही तिची उठायची वेळ. शिकला मेला, असं तिच्या मनात आलं, आणि वडिलांच्या ताटातला घास उचलल्यासारखं वाटलं. मागच्या दाराने जाऊनही त्याला कळलंच होतं.

अशात वडिलांच्या नावाने कंपनीचं पत्र आलं. स्वतः शिकणाऱ्या जुन्या मॉडेलची सेवा या महिन्याच्या अखेरीस बंद होत आहे, त्यानंतर त्यात साठलेलं वेळापत्रक राहणार नाही, तरी आपल्याकडचं मॉडेल कोणतं ते तपासून घ्यावं. महिना संपायला सहा दिवस होते.

वडिलांची एक पद्धत होती. घरात कुठलीही वस्तू आली की खोक्यावरचं लेबल कापून ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवत. इस्त्री, मिक्सर, अगदी टॉर्चसुद्धा. लेकीने तीनही कपाटं उघडली. शहाण्याचं लेबल कुठेच नव्हतं.

"काय शोधतेयस?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"शहाण्याचं मॉडेल."

"त्याला काय झालंय? धडधाकट आहे की." आई मटार सोलत राहिली.

शेवटी तिने मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या बाईंना सणसणीत सर्दी झालेली होती.

"बाहेरचं कडं फिरतं का बघा, मॅडम."

"फिरवू?"

"फिरवा की. चावत नाही ते."

तिने श्वास रोखून कडं धरलं. "फिरत नाही हो. अडकलंय."

"अडकलेलं नसेल. आता दोन्ही हातांनी धरा आणि सरळ आपल्याकडे ओढा. पुढचा भाग सुटून येईल."

"त्यातलं साठवलेलं जाणार नाही ना? माझ्या वडिलांचं आहे त्यात."

बाई शिंकायच्या बेतात होत्या, त्या थांबल्या. "नाही जात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी आहे फोनवर. ओढा."

शहाणा अलगद हातात आला. बशीएवढाच, पण वाटला होता त्यापेक्षा हलका. मागे नखाएवढं लेबल, त्यावर मुंगीच्या पायांसारखी अक्षरं. पुस्तकाची आवृत्ती मुखपृष्ठावरून ओळखू नका, आतलं पान उलटून बघा, असं ती बारा वर्षं विद्यार्थ्यांना बजावत आली होती. आणि घरात मात्र चार वर्षं मुखपृष्ठावर भिस्त ठेवून बसली होती. तिने नंबर वाचून दाखवला.

"मग निर्धास्त राहा," बाई म्हणाल्या. "ते पत्र तुमच्यासाठी नाहीच. यादीवरून सरसकट सगळ्यांना गेलंय. तुमचं साधं मॉडेल आहे. दिसायला दोन्ही जुळी भावंडं, पण हे शिकत नाही."

"शिकत नाही म्हणजे?"

"हाताने जेवढं भराल तेवढंच करतं. शिकणाऱ्याचं कडं फिरतं, याचं नाही."

"अहो, चार वर्षं शिकलंय ते! माझे वडील कधी उठतात, त्यांना कधी थंडी वाजते, सगळं."

"कुणीतरी भरलं असणार, मॅडम. परत बसवा आणि उजव्या कडेला बोट दाबून धरा. यादी दिसेल."

तिने आभार मानून फोन ठेवला, शहाण्याला भिंतीवर बसवलं आणि कडेला बोट दाबलं.

यादी संपता संपेना. चार चाळीस. सात दहा. सव्वादोन. आठ पन्नासला दोन अंश कमी. सोमवारचं वेगळं, रविवारचं वेगळं. गुरुवारी बारा वीस. ती तिथे थबकली. गुरुवारी वडील तपासणीला जायचे आणि साडेबाराला घरी पोहोचायचे. थंडीने निळ्या पडलेल्या बोटांनी दाराशी बूट सोडायचे. माणूस घरात नसताना, तो यायच्या दहा मिनिटं आधी, कुठलं यंत्र असं शिकेल?

आधी तिला नुसतं रितं वाटलं. म्हणजे या भिंतीला काही आठवत नव्हतं. तेवीस दिवस ती एका डबीची मर्जी राखत होती. मग तिने यादी पुन्हा वरून वाचली. दिवसामागून दिवस, पाच-पाच दहा-दहा मिनिटांचे फरक. हे कुणीतरी इथे उभं राहून, एकेक करून भरलं होतं. आणि या घरात माणसं होती दोन.

ती स्वयंपाकघरात गेली. पॅसेजमधून, सरळ.

"कळलं मॉडेल?" आईने मान वर न करता विचारलं.

"हा शिकणारा नाही, आई."

"नाहीच आहे. शिकणारा यायला महिना लागेल, म्हणाला दुकानदार. महिनाभर कोण थांबतंय? ह्यांचे दात वाजत होते इकडे. होता तो उचलला आणि खोकं तिथेच टाकून आले."

"आणि बाबांना तो शहाणा वाटायचा!"

"वाटू दे की. मी ऊब वाढवली की म्हणायचे, 'माझ्यासाठी नको, तुला उकडतं.' आणि जाऊन कमी करायचे. मग बसायचे हट्टाने कुडकुडत. यंत्राने वाढवली की मुकाट पाय पसरायचे." आईने एक शेंग मोडली. "बायकोचं ऐकलं तर कमीपणा. यंत्राचं ऐकलं तर मॉडर्न!"

लेकीला हसू आलं. "तू तर सगळ्यांना सांगायचीस, मला मशीनमधलं काही कळत नाही म्हणून."

"तसं म्हटलं की कुणी नादी लागत नाही. अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात हाताने फोन जोडले मी. लोकांना वाटायचं, आपोआपच लागतो. लागतोय ना? मग झालं तर."

"किती वेळा बदललंस हे?"

"गोळी बदलली की बदलायचं. कधी घाम येतो, कधी कापरं भरतं, एक-दोन दिवस बघायचं आणि ते आंघोळीला गेले की बसवून टाकायचं. त्यात काय एवढं."

लेक समोर बसली आणि मटाराच्या शेंगा पुढे ओढल्या. एक शेंग सोलून म्हणाली, "साडेपाचचं पण तूच?"

"नाहीतर कोण? तू सकाळी मागच्या दाराने गारठ्यात हिंडतेस चोरासारखी. मला वाटलं, रडून घेत असशील बाहेर. विचारलं नाही. आत आल्यावर निदान घर तरी ऊबदार असावं."

मग मात्र लेकीने सगळं सांगितलं. शहाण्यापासून लपणं, वडिलांच्या सवयी पुसल्या जाण्याची भीती, सगळं. आई ऐकता ऐकता सोलायची थांबली.

"एवढी पुस्तकं वाचलीस," ती म्हणाली, "आणि शेवटी एका बटणाला घाबरलीस?" पण तिचा हात पुढे आला आणि लेकीच्या मनगटावर क्षणभर टेकून परत शेंगांकडे गेला.

"चार चाळीसचं काढायचं राहिलंय, आई."

"राहिलेलं नाही. ठेवलंय."

आईचे आभार मानायची रीत त्या घरात नव्हती. मानले असते तर आईने ताप तर नाही ना म्हणून कपाळाला हात लावून बघितला असता. चार वर्षं फोनवरून एका यंत्राला नमस्कार पाठवला होता, आणि तो नमस्कार ज्या बाईच्या हक्काचा होता ती पलीकडेच कपबशा विसळत असायची. लेक शेवटची शेंग संपेपर्यंत उठली नाही.

तिसऱ्या प्रहरी आई रोजच्यासारखी खिडकीपाशी उसवलेली उशी शिवायला बसली. दोन-चार टाके घातले की सुई खोचून ठेवायची, हात काखेत दाबायचे, परत सुई. हे लेक तेवीस दिवस बघत होती आणि वय झालं म्हणून सोडून देत होती. आता तिला यादी आठवली. चार वर्षांच्या त्या लांबलचक यादीत पावणेचारच्या आसपास काहीही नव्हतं. अख्ख्या यादीत आईची म्हणून एकही वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेली तेव्हा लेक पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं.

साडेतीनला टक् वाजली. खिडकीखालचा रेडिएटर कण्हला. आईने मान वर केली, पॅसेजकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"आज शहाण्याला काय झालं?"

लेकीने पुस्तकातून डोळे वर केले नाहीत. "शिकतोय."

"बरीच वर्षं लागली त्याला," आई म्हणाली, आणि काखेतले हात काढून तिने सुई उचलली.