गावात सांगायचं कारण

डॉक्टरबाईंनी जांभळ्या पेनाने गळ्याच्या खळीपासून सरळ खाली रेघ ओढली, मग फीत लावून दोन्ही बाजूंना खुणा केल्या. धम्मशीला कमरेपर्यंत उघडी उभी होती. तिचा गाऊन मांडीवर घेऊन बेबीताई स्टुलावर बसल्या होत्या आणि खिडकीबाहेर पाहत होत्या. वयात आल्यापासून मुलीला त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

"सरळ उभ्या राहा. खांदे पाडू नका."

"जमत नाही मॅडम. सवयच नाही."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी धम्मशीलाच्या खांद्यावरच्या चरांवरून बोट फिरवलं. आतल्या कपड्याचे पट्टे रुतून रुतून तिथे कायमच्या खाचा पडल्या होत्या. उजव्या खांद्यावरची खाच जास्त खोल होती, कारण त्याच खांद्यावर अकरा वर्षं एस.टी.च्या कंडक्टरची बॅग होती. छातीखालची कातडी घामाने सोलून निघायची. मानेचे फोटो काढून झाले होते, पट्टा बांधून झाला होता, मलमं झाली होती. सोनोग्राफी, रक्त, हृदयाची पट्टी, सगळं तपासून ऑपरेशनला आजची तारीख मिळाली होती.

बेबीताईंना मुलीचं तेरावं वर्ष आठवलं. तेव्हा त्यांनी मांजरपाटाची एक बंडी शिवली होती, मागून सहा हूक असलेली, आणि रोज सकाळी पोरीला पाठमोरी उभी करून ते हूक त्या स्वतः ओढून लावायच्या. शाळेत प्रार्थनेला उभी असताना ती एकदा चक्कर येऊन पडली. गुरुजींनी विचारलं, घरून उपाशी आली का? बेबीताईंनी हो म्हणून सांगितलं. त्या वर्षापासून पोरगी वाकून चालायला लागली ती लागलीच.

ऑपरेशनला चार तास लागले. डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, एका बाजूने नऊशे ग्रॅम काढलं, दुसरीकडून साडेआठशे. काढलेला भाग रीतीप्रमाणे तपासायला पाठवला आहे, काळजीचं काही नाही. बेबीताईंनी मनात बेरीज केली. पावणेदोन किलो. बाजारात तेवढी भाजी हातात धरली तरी त्या मधेच पिशवीचा हात बदलत.

पाचव्या दिवशी मायलेकी धामणगाव बढ्याला परतल्या. त्याआधीच गावाला सगळं ठाऊक झालं होतं.

ते बेबीताईंनीच करून ठेवलं होतं. अकोल्याला निघायच्या आदल्या दिवशी पिठाच्या गिरणीत सिंधूताईंनी विचारलं होतं की पोरीने एवढी लंबी सुट्टी कशाला टाकली. पाठ दुखते म्हणून छाती कमी करायला चाललो, हे बेबीताईंच्या जिभेवर आलंच नाही. त्या म्हणाल्या, छातीत गाठ निघाली. गिरणीतल्या बाया गप्प झाल्या. पुढे कोणी काही विचारलं नाही, आणि त्या घडीला बेबीताईंना तेवढंच हवं होतं. हा एक शब्द अख्ख्या गावाला आपल्या ओट्यावर आणून बसवील, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बाया आल्या. कोणी बिस्किटाचा पुडा, कोणी सफरचंदं. येणारी प्रत्येक जण आधी धम्मशीलाच्या तोंडाकडे बघायची, मग खाली, मग पटकन दुसरीकडे. सिंधूताईंनी तर बसल्या बसल्या विचारलं.

"दोनी काढले का एकच?"

"दोनीतून काढलं," धम्मशीला म्हणाली.

"पण थोडं थोडं ठेवलेलं दिसते वो."

"हाव. नमुन्याले ठेवलं."

सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसल्या की रडल्या ते बेबीताईंना कळलं नाही. जाताना मात्र त्यांनी दारात बेबीताईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "पोट्टी हिमतीची हाय. इतकं होऊन मजाक करून राह्यली."

त्या गेल्यावर धम्मशीला उशांना टेकून बसली. हात खांद्याच्या वर न्यायचे नव्हते. रात्रंदिवस तो दवाखान्याचा घट्ट कपडा अंगात ठेवायचा होता, झोपायचं तेही उताणं. वेणी बेबीताई घालून द्यायच्या.

"आई, गाठ काऊन सांगतली?"

"मंग काय सांगू? मापात नव्हतं म्हणून छाटून आणलं?"

"हाव. तेच."

"हसतीन लोक."

"आता रडून राह्यले ते बरं हाय? राजकुमार डायवर फोनवर रडला. म्हणे, ताई, तुमच्यासारखा कंडक्टर पुन्हा भेटणार नाही. मले वाटलं, मी मेली का काय."

बेबीताईंना हसू आलं होतं, पण मुलीकडे पाहून त्यांनी ते गिळलं. धम्मशीलाच्या डोळ्यांत पाणी होतं. दुखण्याने ते इतक्या दिवसांत एकदाही आलं नव्हतं.

"अकरा वर्षं गाडीत लोक पाहेत, धक्के देत. मी वाकून वाकून तिकिटं फाडली. आता सरळ उभी राहाले आली, तं गाव मले मेलेल्यात काढते. रविवारी विहारात वंदना झाली की उठून सांगते सगळ्याईले. गाठ नव्हती. माह्या मनानं कमी करून घेतलं."

बेबीताईंनी वेणीचं टोक रबरात अडकवलं. बराच वेळ त्या केसांवरून नुसता हात फिरवत राहिल्या.

"तू नोको," त्या शेवटी म्हणाल्या. "खोटं मी बोलली. मीच सांगीन."

"नक्की?"

"सांगतो म्हनलं ना."

शनिवारी दुपारी बेबीताई ओट्यावर सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. तेव्हा पुष्पाबाई आल्या. शेतमालक शेषरावांची बायको. त्यांच्या वावरात बेबीताईंनी तीसेक हंगाम कापूस वेचला होता. पुष्पाबाई मायाळू होत्या. बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच पाठवले होते, पण गड्याच्या हाती. या घराच्या ओट्यापुढे त्या कधी आल्या नव्हत्या, आणि त्याचं दोघींनाही नवल नव्हतं.

आज त्यांनी चप्पल काढली आणि सरळ आत गेल्या. हातात फळं नव्हती, पुडा नव्हता.

"बेबीताई, दार लोटून घ्या जरा."

बेबीताई सूप घेऊन आत आल्या, दार लोटून खाली बसल्या. पुष्पाबाई धम्मशीलाच्या खाटेच्या कडेवर बसल्या होत्या. काही वेळ त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडेच पाहत होत्या.

"शीला, छातीचं काढलं तई लय दुखलं का?"

"त्या वक्ती नाही दुखत काकू. मंग दुखते. पण राहते हळूहळू."

"अन् झोपवतात ना पुरं?"

"पुरं."

पुष्पाबाईंनी मान हलवली. मग पदर खाली घेतला आणि ब्लाउजचे वरचे हूक काढायला लागल्या. त्यांची बोटं दुसऱ्या हुकावर अडली. धम्मशीलाने पुढे वाकून तो काढून दिला. पुष्पाबाईंनी तिचा हात धरला आणि डाव्या बाजूला, काखेच्या जरा खाली नेऊन ठेवला.

"दिवाळीच्या आंघोळीले हाताले लागली. तई हरभऱ्याएवढी होती. दुखत बिखत काही नाही."

धम्मशीलाची बोटं तिथे थांबली. बेबीताईंना तिथून काही दिसत नव्हतं, मुलीचं तोंड तेवढं दिसत होतं. ते बदललं नाही. तिकीट देताना असायचं तसंच राहिलं.

"घरी कोणाले सांगतलं?"

"कोणाले सांगू? माह्या सासूले अशीच होती. नागपूरले नेली, ते झाकूनच आणली. माही बहीणही तशीच गेली. गाठीसाठी दवाखान्यात गेलेली बाई मी आजवर वापस आलेली पाह्यली नाही." त्यांनी धम्मशीलाकडे पाहिलं. "तुले पाह्यली. बुधवारी तू ओट्यावर बसून चहा पीत होती, अन् सिंधूताईसंग बोलून राह्यली होती. मी रस्त्यानं गेली, तुले दिसली नसीन. घरी गेली, पण तीन दिवस मनातून तू गेलीच नाही."

पुष्पाबाईंनी हूक लावून घेतले.

"पण गाव काही बी बोलते. म्हणून तुलेच विचारतो. तुले गाठच होती ना?"

बेबीताईंच्या हातातलं सूप मांडीवर आलं. रविवार उद्यावर होता. जे उद्या पन्नास जणींना सांगायचं, ते आज एका बाईला सांगायला हरकत नव्हती. उलट ज्या बाईच्या घरचं अन्न आपण खाल्लं तिला फसवणं बरं नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी घसा साफ केला.

"पुष्पाबाई, मले एक गोष्ट सांगाची हाय. आमच्या शीलाले—"

"होती," धम्मशीला म्हणाली.

बेबीताई तिच्याकडे बघत राहिल्या.

"गाठच होती काकू. आई, चहा ठेव."

बेबीताई उठल्या. आतल्या खोलीत गॅस पेटवून त्यांनी आधण ठेवलं आणि दाराच्या चौकटीला हात टेकून उभ्या राहिल्या. बाहेर धम्मशीला बोलत होती. सोनोग्राफीचं मलम थंड लागते, बाकी काही नाही. डॉक्टर बाईच हायेत, लाजायचं कारण नाही. शुद्धीवर आल्यावर घशाले कोरड पडते, पाणी लवकर देत नाहीत. सगळ्याच गाठी वाईट नसतात, आधी तपासतात, त्याच्याशिवाय कोणी कापत नाही. पण दिवाळीपासून हाय तं आता दिवस घालवू नका. एक गोष्ट सोडली तर ती सांगत होती त्यातलं सगळं खरं होतं.

"गुरुवारी माही तपासणी हाय," ती म्हणाली. "सव्वासातची मोताळ्याची गाडी पकडू, तिथून अकोला. तुमी माह्यासंग चाला. त्याच डॉक्टरले दाखवू, त्या पुढचं सांगतीन."

"चालीन मी. पण घरी काय सांगू? अकोल्याले काऊन चालली, असं पहिलं विचारतीन."

धम्मशीला गप्प झाली. बेबीताईंनी कान दिला. गाडीतल्या साठ माणसांना उत्तरं देणाऱ्या त्यांच्या लेकीला लहानपणापासून एक कारण कधी बनवता आलं नव्हतं.

बेबीताई चहाचे तीन कप ताटलीत घेऊन बाहेर आल्या.

"सांगा, बेबीताईचे गुडघे धरले," त्या म्हणाल्या. "पोरीले हात वर करता येत नाही, पिशवी उचलता येत नाही, संग जाले कोणी नाही. म्हणा, इतके वर्षं ते बाई आपल्या वावरात आली. एक दिवस तिच्या पोरीसंग जाऊन येतो."

पुष्पाबाईंनी कप घेतला. कारण मनात एकदा म्हणून पाहावं तसे त्यांचे ओठ हलले.

"मानतीन," त्या म्हणाल्या.

धम्मशीला कपात पाहत होती. पुष्पाबाई गेल्यावर बेबीताईंनी विचारलं, "मंग उद्या विहारात?"

"उद्या काही नाही."

रविवारी वंदना झाली. धम्मशीला मागच्या रांगेत भिंतीशी बसली होती, पाठ ताठ. उठताना कोणीतरी तिचा दंड धरला आणि विचारलं, आता बरं हाय ना बाई. ती बरं हाय म्हणाली. सिंधूताई शेजारच्या बाईच्या कानात काही बोलल्या. ते तिला ऐकू गेलं असावं, पण तिने मान वळवली नाही.

बुधवारी संध्याकाळी बेबीताई किराणा आणायला निघाल्या. दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या आणि कोपऱ्यातली जानरावांच्या वेळची काठी घेतली. नवरा गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. ती टेकत त्या चौकात आल्या. शेषराव दुकानाच्या फळीवर बसून तंबाखू मळत होते. त्यांच्यासमोर आल्यावर बेबीताई थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवून जरा उभ्या राहिल्या आणि मग हळूहळू पुढे गेल्या.