उंबऱ्याचा दगड

माथ्यावरच्या जंगलात पूर्वी कोळसा पाडणाऱ्यांची वस्ती होती. त्यात माझ्या बापाचं घर. पुढे जंगल राखीव झालं, माणसं खाली उतरली, छपरं कुजली. दगडी भिंती तेवढ्या तग धरून होत्या. त्यांच्या मुळावर माझाच पोटचा गोळा उठला.

पोरगा वाटाड्या आहे. शहरातली माणसं हवा खायला येतात, त्यांना कड्यावर नेतो. त्यानं टूम काढली: वाटेत एक दगड उचलायचा, कड्यावरच्या ढिगावर ठेवायचा आणि मनातलं मागायचं. पण वाटेत नुसता पाचोळा नि चिखल. दगड मिळतो तो आमच्या वस्तीतच, हाताशी, घडवलेला.

धुक्यातून मी वर गेले, तर बापाचं घर गुडघ्याएवढं उरलेलं.

"अरे, आजोबांचं घर खिरापतीसारखं वाटतोयस!"

"आई, तिथे राहतं कोण आता? साप."

"साप बरा. तो भिंती तरी पाडत नाही."

एका बाईच्या हातात आमच्या चुलीमागचा दगड होता, काळाकुट्ट. "आजी, रंग काय सुंदर आहे!"

"माझ्या आईच्या चुलीचा धूर आहे तो," म्हटलं. तिला गंमत वाटली. तिनं माझा फोटो काढला.

मी उंबऱ्यावर ठाण मांडलं. लांबलचक दगड, एकट्याला न हलणारा. समोरून येणाऱ्यांना दटावत होते, पाठीमागून भिंत जात होती.

संध्याकाळी पोरगा आला. "चल, सर्दी होईल."

"उंबऱ्याला कुणी हात लावणार नाही, बोल."

"एवढा जीव आहे त्याच्यात?"

"आहे."

त्यानं वाकून उंबऱ्यावरून हात फिरवला. मला वाटलं, उजेड पडला एकदाचा.

गुडघ्यांनी मला बरेच दिवस घरात डांबलं. मग एके दिवशी पोरानं आणि सुनेनं हाताला धरून वर नेलं. दोघं गालातल्या गालात हसत होती. कड्यावर, ढिगाशेजारी, आमचा उंबरा. खाली दगड लावून त्याचा बाक केलेला. पहारीनं उखडताना पोराचं बोट चेंगरलं होतं, तेही त्यानं कौतुकानं दाखवलं.

"तुझ्यासाठी, आई. कुणी नेईल ही भीतीच नको. बस निवांत, सगळं जंगल दिसतं."

बाकावर एक जोडपं खात बसलं होतं. तो त्यांना उठवायला निघाला.

"राहू दे," म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मला शिवी सुचली नाही.

उतरताना वस्तीपाशी थांबले. पाचोळ्यात काठी फिरवली, पण दार कुठल्या अंगाला होतं तेच उमगेना.

"काय शोधताय, आई?" सुनेनं विचारलं.

"चप्पल."

ती माझ्या पायांकडे बघत राहिली. दोन्ही चपला पायांतच होत्या.