आव्हेर्यानने वाढवून सांगितलेला सूर्य

मित्रांनो, पितळेचा एक जुना सेक्स्टंट तुमच्याशी बोलतो आहे. सूर्य आभाळात किती वर चढला ते मोजायचे, म्हणजे जहाज कुठे आहे ते खलाशांना कळते, एवढेच माझे काम. पण एकदा मी खरा आकडा दाखवला आणि माणसे गमावली. ते बरोबर झाले की चूक, मला अजून कळलेले नाही.

पीटर्सबर्गच्या एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या कमानीवर बारीक रेघा कोरल्या. पोर्फिरी इग्नातिच या दर्यावर्दीने मला विकत घेतले. त्याच्या बायकोने माझ्यासाठी फ्लॅनेलची पिशवी शिवली. श्वेत समुद्रावर आम्ही अकरा वर्षे हिंडलो. धुक्यातून बंदर सापडले की तो मला थोपटून म्हणायचा, "शाब्बास रे!"

मग आम्ही 'ल्युबावा' जहाजावरून उत्तर ध्रुव गाठायला निघालो. पहिल्याच शरदात जहाज बर्फात रुतले. दोन हिवाळे ते बर्फाबरोबर वाहत राहिले. अन्न सरत आले, तेव्हा कप्तानाने नऊ जणांना दक्षिणेकडच्या बेटांकडे पायी जायची मुभा दिली. पोर्फिरी त्यांचा म्होरक्या झाला.

सहा दिवस ते घसरगाड्या ओढत चालले. सातव्या दिवशी दुपारी ऊन पडले. पोर्फिरीने सूर्य माझ्या आरशात उतरवला. आकडा पाहिला, आरसा पुसला, पुन्हा मोजले. तिसऱ्यांदा मोजले.

"किती राहिलं?" आचारी झोसिमाने विचारले.

"निघालो होतो त्याच्याही उत्तरेला आलोय," पोर्फिरी म्हणाला. "आपण दक्षिणेला चालतोय, पण पायाखालचा बर्फ उत्तरेला वाहतोय."

"वा! या डबड्यापेक्षा माझी पळी बरी. पातेल्याचा तळ तरी खरा सांगते!"

सगळे हसले. झोसिमाही हसला आणि हसता हसता गाडीवर मटकन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि आणखी चार जण जहाजाकडे परत निघाले.

"अरे, जहाज होतं तिथे आता राहिलेलं नाही. तेही सरकलंय!" पोर्फिरी विनवत राहिला.

"तिथे निदान चूल तरी आहे," झोसिमा म्हणाला. ते पाच जण पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

उरलेल्या चौघांपैकी दोघे गाडीसकट बर्फाच्या भेगेत गेले. आता राहिले पोर्फिरी आणि सीलची शिकार करणारा आव्हेर्यान. त्यातच बर्फाच्या चकाकीने पोर्फिरीची दृष्टी गेली. मग तो आव्हेर्यानला शिकवू लागला. आव्हेर्यान जाड बोटांनी मला धरायचा, चुकतमाकत सूर्य उतरवायचा आणि आकडा वाचायचा. पोर्फिरी मनात हिशेब करून आपण कुठे आहोत ते ठरवायचा.

पहिला आकडा वाईट निघाला. ऐकून पोर्फिरी आडवा झाला, तो उठेचना. तिकडे दुपारचा सूर्य जितका वर, तितके आपण दक्षिणेला; पुढच्या मोजणीला आव्हेर्यानने सूर्य होता त्याहून वर सांगितला. मी चक्रावलो. माझ्यावर तर तसे काही नव्हते! पण पोर्फिरी उठून बसला. "सरकलो रे, दक्षिणेला सरकलो!" म्हणत त्याने गाडीची दोरी खांद्यावर घेतली. त्यानंतर आव्हेर्यान प्रत्येक आकडा वाढवूनच सांगू लागला.

मग दाट धुके उतरले आणि सूर्य दिसेनासा झाला. शेवटच्या आकड्यावरून हिशेब करून पोर्फिरी म्हणाला, "बेटांच्या रेषेत आलो. आता पूर्वेला वळ."

आव्हेर्यान जागचा हलला नाही. "पोर्फिरी इग्नातिच, मी आकडे वाढवून सांगत होतो."

पोर्फिरीने खांद्यावरची दोरी खाली टाकली.

"किती?"

"ध्यानात नाही. तुम्ही उठत नव्हता हो!"

"गाढवा! मी आंधळा, आणि तू माझे उरलेले डोळेही चोरलेस!" पोर्फिरीने चाचपडत त्याची कॉलर पकडली. मग हात सैल सोडून हळूच विचारले, "आता कुठे जायचं, तूच सांग."

आव्हेर्यान कान देऊन उभा राहिला. धुक्यातून रानबदकांचा आवाज येत होता. "बदकं अंडी घालायला जमिनीवरच जातात," तो म्हणाला. दोघे त्या आवाजामागे गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पायाखाली काळा खडक लागला. ते बेट नकाशात नव्हते. अंडी खाऊन ते जगले. शरदात सीलची शिकार करणाऱ्या एका गलबताने त्यांना उचलले.

पोर्फिरीला पुन्हा अंधुक दिसू लागले होते. आर्खांगेल्स्कच्या धक्क्यावर लोकांनी विचारले, "वाट कशी सापडली?"

"सेक्स्टंटमुळे," तो म्हणाला. शेजारी उभा असलेला आव्हेर्यान टोपी चुरगाळत राहिला. त्याच आठवड्यात पोर्फिरीने मला नाविक शाळेला देऊन टाकले. त्याने मला पुन्हा कधी हातात घेतले नाही. तो माझ्यावर रागावला होता की आव्हेर्यानला सांभाळून घेत होता?

मित्रांनो, आता मी कपाटात धूळ खात पडलो आहे. माझ्या आरशाचा मुलामा उडाला आहे. कधी आलात तर तो आरसा मऊ कापडाने हळूच पुसा. माझ्याखालच्या चिठ्ठीत लिहिले आहे, 'या यंत्राच्या अचूक आकड्यांमुळे दोघांचे प्राण वाचले.' जमल्यास ती बदला. तिथे आव्हेर्यानचे नाव लिहा आणि झोसिमाचेही. आकड्यांबद्दल काय लिहायचे, ते मला अजून ठरवता येत नाही.